तारबाबूंचा तास

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली बारा वर्षं माझ्याकडे हॅम रेडिओचा परवाना आहे. पहिली गोष्ट सांगितली की लोक मान डोलावतात. दुसरी सांगितली की विचारतात, "मोबाइल असताना रेडिओवर कोनासोबत बोलता?" ठरवून कोणासोबतच नाही, हेच त्याचं खरं उत्तर. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घराच्या गच्चीवर तार ताणायची आणि यंत्र लावून हाक मारायची. मध्ये कोणाचा टॉवर नाही, कोणाची कंपनी नाही. केरळातला एखादा मळेवाला ती हाक ऐकतो, कधी रशियातला कोणी म्हातारा ऐकतो, आणि दोन मिनिटं आपण एकमेकांना सांगतो की तुमचा आवाज मला अमुक इतका चांगला येतो आहे. बस, एवढंच. एवढ्याशासाठी माणसं वेडी होतात.

वर्षातून एक दिवस हे सगळं घराबाहेर नेऊन करायचं, असं आम्ही जिल्ह्यातल्या परवानेवाल्यांनी ठरवलं होतं. विजेची लाइन वापरायची नाही. बॅटरी न्यायची, झाडाला तार बांधायची, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत जितके संपर्क होतील तितके करायचे, प्रत्येकाची नोंद ठेवायची. वैनगंगेला पूर आला, वीज गेली, मोबाइल बंद पडले, तर आपल्या हातून खरंच काही होईल का, ते यातून कळतं.

पहिल्या वर्षी आम्हाला कळलं की होणार नाही. बॅटरी मी न तपासता नेली होती, ती अकरा वाजताच बसली. तार इतकी खाली बांधली होती की धानाचे भारे घेऊन जाणाऱ्या बंडीत अडकली आणि बैलांबरोबर शंभर पावलं गेली. नोंदी लॅपटॉपवर ठेवल्या होत्या. उन्हात त्याचा पडदाच दिसेना, आणि शेवटी तोही बंद पडला. शिवाय त्या शेतात बाईमाणसाला जायला आडोसा नव्हता. म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायले नाही, आणि दुपारी चक्कर येऊन बांधावर बसले. आयोजक मीच. घरी येऊन अंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या वर्षी मी एक वही केली. काय काय चुकलं ते तिच्यात लिहिलं, आणि प्रत्येक चुकीसमोर काय करायचं ते लिहिलं. बॅटऱ्या दोन, आणि दोन्ही आठवडाभर आधी घरी लावून बघायच्या. तार बंडीवर भारा घेऊन उभ्या माणसाच्या हातभर वर. नोंद कागदावर, पेन्सिलने. जागा अशी, की जिथे घर जवळ आहे आणि घरात संडास आहे. ही शेवटची ओळ मी दोनदा अधोरेखित केली होती. माझ्या मामेभावाचं शेत वारासिवनीच्या रस्त्याला लागून आहे, गावाबाहेरच्या उंचवट्यावर, आणि घर शेतातच. त्यानं लगेच हो म्हटलं.

पोलिसांचंही वहीत होतं. आमच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात कोणी झाडावर तार चढवून वायरलेस लावून बसलं तर पोलीस येणारच, आणि यायलाच पाहिजेत. पहिल्या वर्षी ते आले तेव्हा माझ्याकडे परवान्याची प्रतसुद्धा नव्हती. या वेळी मी महिनाभर आधीच ठाण्यात गेले. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "इससे फायदा क्या है?"

"बाढ़ में काम आएगा, सर."

"और जब बाढ़ नहीं है?"

"तब प्रैक्टिस."

त्यांनी शिक्का मारला. बाहेर येऊन ऑटोत बसले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की सगळा कार्यक्रमच पार पडल्यासारखं झालं.

आमच्या जिल्ह्यात असे परवानेवाले मोजकेच. त्या दिवसासाठी तिघंच तयार होतो. एक मी. दुसरा मलाजखंडच्या खाणीत काम करणारा इलेक्ट्रिशियन, पस्तिशीचा, जबलपूरकडचा, हातात जादू असलेला माणूस. आणि तिसरे तारबाबू.

तारबाबू हे काही त्यांचं नाव नव्हे. पोस्टात तारेच्या खोलीत बसणाऱ्याला सगळेच तारबाबू म्हणत, आणि तारा बंद पडल्या तरी यांचं तेच नाव राहिलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ऐन उमेदीची कितीतरी वर्षं ते वारासिवनीला आणि बालाघाटला तार घेत होते. त्या यंत्रात आवाजाला सूर नसायचा, नुसतं कट्ट-कड-कट्ट. ते ऐकत ऐकत हात लिहीत जायचा. तालुक्यातली लग्नं, मरणं, बदल्या, सगळं आधी यांच्या कानावर उतरलं आणि मग घरोघरी गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॅमचा परवाना काढला. मी परीक्षेला बसले तेव्हा मोर्स, म्हणजे तारेची ती ठिपके-रेघांची लिपी, मला त्यांनीच शिकवली, त्यांच्या पुढच्या खोलीत, स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून. चुकलं की म्हणायचे, "अक्षर मोजू नको पोरी. आयक." तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते.

पण पहिल्या वर्षी शेतावर ते आले, मोर्सच्या यंत्रासमोर बसले, हेडफोन लावला, आणि दहाच मिनिटांत काढून ठेवला. "आज मन लागत नाई," म्हणाले. मला वाटलं ऊन लागलं असेल. त्यानंतर घरचं यंत्र त्यांनी कापडानं झाकून ठेवलं, तेही मला उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी त्यांना बोलावण्यासाठी फोन केला तो त्यांच्या सुनेनं उचलला.

"न्या ताई, मामाजीले न्या. पन मी संग येईन. त्यायले एकटं सोडता येत नाई आता."

"काहून? काय झालं?"

ती दाराबाहेर गेली असावी. आवाज खाली आला. "विसरतात ना. मी म्हटलं, हळद संपली, घेऊन या, त थे दुकानात जाऊन उभे राह्यले आन तसेच परत आले. म्हने, काय सांगतलं होतं? चहा घेता का म्हटलं त नऊ वाजले म्हनतात. कोनी पाव्हना आला, काई बोलला, त नुसतं हौ, हौ. आमी डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरनं दोन सवाल विचारले, एकाचाबी जवाब बरोबर नाई आला. वयानं होते म्हटलं. गोळ्या देल्या."

मी फोन ठेवला. माझ्या आजीचं शेवटी असंच झालं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला माहीत होतं.

मग मी एक काम केलं. त्याची लाज मला अजून वाटते. दिवसभराचं कामाचं वेळापत्रक मी एका मोठ्या कागदावर लिहिलं. कोणी किती वाजता बोलण्याच्या यंत्रावर बसायचं, कोणी मोर्सच्या. मोर्सचे सगळे तास मी आणि इलेक्ट्रिशियननं वाटून घेतले. तारबाबूंचं नाव वर, एका चौकटीत लिहिलं आणि त्याच्यासमोर लिहिलं, मार्गदर्शक. त्यांची फजिती होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कार्यक्रम दुसऱ्यांदा फसू नये, ही भीती जास्त होती.

त्या रविवारी सकाळी सहाला आम्ही शेतावर होतो. धान कापून झालं होतं. खुंट दवानं ओले होते, आणि बांधाशी धानाच्या भाऱ्यांचे उंच पुंजणे रचून ठेवलेले. इलेक्ट्रिशियन आदल्या संध्याकाळीच मोटारसायकलवर आला होता. त्यानं दोरीला दगड बांधून गोफण फिरवावी तसा फिरवला आणि पहिल्याच फेकीत दोरी मोहाच्या वरच्या फांदीवरून पार केली. अर्ध्या तासात दोन झाडांवर दोन तारा चढल्या. एका झाडाखाली बोलण्याचं यंत्र, दुसऱ्याखाली मोर्सचं. मी दोन्ही बॅटऱ्यांवर हात ठेवून बघितला, जसं काही हात ठेवून त्या भरल्यात की नाही ते कळतं.

सातच्या सुमारास ऑटोतून तारबाबू आणि सून उतरले. तिच्या हातात मोठा डबा, भाताचं पातेलं, आणि खांद्याला सासऱ्यांची पिशवी. त्यात स्वेटर, पाण्याची बाटली, गोळ्या. तारबाबूंनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. बघताना ते पूर्वीसारखेच होते, फक्त जरा जास्त गप्प.

वेळापत्रक मी मोहाच्या खोडाला लावलं होतं. ते त्याच्यासमोर उभे राहिले. चष्मा वर-खाली करत सगळा कागद वाचला. मग वळून म्हणाले, "मले तास नाई का?"

"तुम्ही आमचे मार्गदर्शक ना, बाबूजी."

"हौ," ते म्हणाले. त्यांना काय समजलं, मला कळलं नाही. ते जाऊन मोर्सच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसले आणि हात मांडीवर ठेवले.

सकाळ छान गेली. मी बोलण्याच्या यंत्रावर होते. मदुराई, कोलंबो, पुण्याजवळचं कुठलं तरी गाव, असे आवाज एकामागून एक येत होते. शहरात घराघरांतले दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची एवढी खरखर असते की बारीक आवाज त्यात बुडून जातात. इथे ती नव्हती. मैदान कसं झाडून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. साडेनऊला ठाण्यातून दोघं शिपाई येऊन कागद बघून, चहा पिऊन गेले. दहाला एक बंडी तारेखालून गेली आणि कशालाच लागली नाही. मी वहीत त्या ओळीसमोर खूण केली. खरं सांगते, अशा छोट्या छोट्या सुटकांची चव मोठ्या यशाला नसते.

अकरा वाजता आम्ही जागा बदलल्या. इलेक्ट्रिशियन बोलायला गेला, मी मोर्सला आले. चार तास माणसांचे आवाज ऐकून माझं डोकं ठणकत होतं. त्यानं यंत्राचा सूर आपल्या आवडीप्रमाणे चढा ठेवला होता, शिट्टीसारखा. तो खाणीत मोठमोठ्या यंत्रांजवळ काम करतो, त्याला असाच सूर बरा वाटतो. मी हेडफोन घातला आणि तो आवाज टाचणीसारखा कानात शिरला. मी हेडफोनची पिन काढून टाकली, छोटा स्पीकर लाकडी टेबलावर उताणा ठेवला, आणि बटण फिरवून सूर खाली आणला. अगदी खाली. शिट्टीचा घुमणारा जाड आवाज झाला, बेडकानं डराव डराव केल्यासारखा. आता बरं वाटलं. पेन्सिल उचलली आणि ऐकायला लागले.

कोणी तरी हाक देत होतं. मोर्समध्ये माझा हात तसा संथच आहे. मी त्याची अक्षरं लिहीत गेले. तेवढ्यात कागदावर एक बोट आलं.

"हे एस नाई. एच आहे."

तारबाबू खुर्चीतून पुढे वाकले होते. माझ्या मनात आलं, झालं सुरू. मी हळूच म्हटलं, "बरं बाबूजी," आणि पुढे गेले. पण मास्तरकीची सवय. खात्री करावी म्हणून मी त्या माणसाला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा पाठवलं, सावकाश. तीन नव्हे, चार ठिपके. एच.

मी तारबाबूंकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या टेबलावरच्या स्पीकरवर होती. मी सुरात जरासुद्धा बदल न करता दुसरी हाक शोधली. हा पाठवणारा माझ्यापेक्षा दुप्पट वेगाचा होता. मला अर्धीमुर्धी अक्षरं लागत होती. तारबाबू तोंडातल्या तोंडात बोलायला लागले. एकेक अक्षर, न अडखळता. माझी पेन्सिल त्यांच्या तोंडामागे धावत होती. मग त्यांनी हात पुढे केला. मी पेन्सिल दिली.

त्यांनी लिहिलं. तारेच्या फॉर्मवर लिहायचे तसं, तिरपं, एकसंध, अक्षरं आणि ओळी न मोडता. मध्येच ते थांबले, डोळे मिटले, आणि पाच-सहा शब्द मागून एकदम उतरवले. मला त्यांनीच सांगितलं होतं, खरा तारबाबू आवाजाच्या मागे राहून लिहितो. पाच शब्द डोक्यात साठवतो आणि सावकाश उतरवतो. विसरणाऱ्या माणसाला हे जमेल का?

मग मी जे केलं ते जरा दुष्टपणाचंच होतं. ते लिहीत असताना मी बटणाला हात लावला आणि सूर हळूहळू चढवायला लागले. थोडा वर, अजून थोडा वर. एका ठिकाणी त्यांची पेन्सिल थांबली. चेहऱ्यावर तोच भाव आला, जो सकाळी वेळापत्रकासमोर होता. मी सूर खाली आणला. पेन्सिल चालू. पुन्हा चढवला. थांबली. खाली. चालू.

अकरावीला ध्वनीचा धडा मी वीसेक वर्षं शिकवते आहे. वय वाढलं की कान आधी वरचे सूर सोडतो, खालचे राहतात, हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. स, श, थ ही अक्षरं वरच्या सुरांत असतात. ती गळली की माणसाला बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत, हेही मी सांगते. मुलं ते पाठ करतात. आणि मी माझ्या गुरूचं नाव चौकटीत टाकून बसले होते.

मी उठले आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबूजी, चहा घेता का?" काही नाही. समोर आले, त्यांना ओठ दिसतील असं म्हटलं, "चहा?"

"हौ, घेतो ना."

मी नोंदवहीचं एक पान फाडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, आज कोणता वार? काल रात्री काय जेवले?

त्यांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. "रविवार. भात आन वांग्याची भाजी. मीठ जास्त होतं, पन मी बोललो नाई. काहून विचारतं?"

सून घराच्या ओट्यावर लाखोळीचं वरण ढवळत होती. मी तिला हाक मारली. ती घाबरून, डाव हातात घेऊनच धावत आली. "काय झालं? मामाजी?"

"विसरत नाहीत," मी म्हटलं. "त्यायले आयकू येत नाई. थे विसरतच नाहीत."

तिला ते एकदम पटलं नाही. तिनं ते लिहिलेलं पान बघितलं, नोंदवहीतली तिरपी ओळ बघितली. मग त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं आणि एकेक शब्द मोकळा करून विचारलं, "मामाजी, त्या दिवशी डॉक्टरनं तुमाले वार विचारला होता. तुमी काय सांगतलं होतं?"

"वार विचारला?" तारबाबू म्हणाले. "तो तोंडाले फडकं बांधून बोलून राह्यला होता. मले वाटलं, नाव विचारते. मी नाव सांगतलं."

"आन हळद?"

"तू तिकडं तोंड करून बोलली. मले नुसतं 'घेऊन या' आयकू आलं. दुकानात उभा राह्यलो, आता काय घ्यावं? तुले पुन्हा विचारलं त तू डोये पुसत घरात गेली."

ती जमिनीवरच बसली. डाव खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे हे मला बराच वेळ कळलं नाही, दोन्ही होतं. "वर्षभर मी त्यायच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवत होती ताई," पदर खाली घेत ती म्हणाली. "कुठं हरपले त कोनी आनून देईन म्हनून."

तिच्या ओठांकडे बघत तारबाबू म्हणाले, "माहीत आहे. मी थे काढून टेबलाच्या खनात ठेवत होतो. साऱ्या चिठ्ठ्या आहेत."

मग मी त्यांना विचारलं, कागदावर लिहून विचारलं, की तुम्ही सांगितलं का नाही? चहा आला, त्यांनी दोन घोट घेतले.

"पह्यले वाटलं, सांगावं," ते म्हणाले. "पन बहिऱ्याले लोक हासतात. विसरला म्हटलं त कोनी हासत नाई. पन मंग घरचा रेडिओ लावला एक दिवस. आन त्याच्यातून मोर्स उमटेच ना. नुसती खरखर. पन्नास वर्सांचं कट्टकड आन मले एक अक्षर उमटेना. तवा म्या सोताच समजलो, हे लोक बरोबर म्हनतात. कान नाई, डोस्कंच गेलं." त्यांनी स्पीकरकडे बोट दाखवलं. "आज तुह्या डब्यातून आलं. सारंच्या सारं आलं. गेलं नवतं कुठंच."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि चष्माच पुसायचा होता अशा आविर्भावात तो बराच वेळ पुसत राहिले.

इलेक्ट्रिशियन हे सगळं दुसऱ्या झाडाखालून बघत होता. तो आला, खिशातलं पेन काढलं, खोडावरच्या कागदावर दुपारी दोन ते चारच्या समोरचं आपलं नाव खोडलं आणि तिथे तारबाबू असं लिहिलं. "मैडम, मैं वैसे भी बहुत धीमा हूँ," तो म्हणाला. मग त्यानं स्पीकरखाली रिकामा लाकडी खोका ठेवला. म्हणाला, आता आवाज अजून भरेल. भरलाही.

जेवणं झाली. वरणभात, जवसाची चटणी. सूनबाईनं सासऱ्यांना वाढताना प्रत्येक वेळी समोर येऊन विचारलं आणि त्यांनी प्रत्येक वेळी नीट उत्तर दिलं. तेवढंच त्या दोघांचं चालू होतं, आणखी वाढू का, नको, थोडं वाढ. ते ऐकताना मला भूक लागली आणि मी दोनदा भात घेतला.

दोन ते चार ते मोर्सवर बसले. ठिपके-रेघा पाठवायच्या कळीवर हात ठेवला आणि सुरू झाले. मी शेजारी बसून नोंदी लिहिल्या. त्या दोन तासांत त्यांनी जितके संपर्क केले तितके मी सबंध सकाळी केले नव्हते. त्यातला एक ओडिशातला होता. दोन-तीन वाक्यं झाली आणि तारबाबू खुदकन हसले. मला म्हणाले, "हा पोस्टातला आहे."

"कसं कळलं?"

"हात सांगते. आमी सारे एकच चाल शिकलो होतो." त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, होय, सदतीस वर्षं तारेत होतो. पुढची पंधरा मिनिटं दोघं म्हातारे इतक्या वेगानं बोलले की माझ्या हाती काहीच लागलं नाही. जास्तीत जास्त संपर्क करायच्या हिशोबानं तो वेळ वाया गेला होता. नोंदवहीत त्या पंधरा मिनिटांसमोर एकच ओळ आहे.

साडेतीनला ते थकले. खांदे खाली आले. एरवी मी म्हटलं असतं, अर्धा तास राहिला बाबूजी. या वेळी मी त्यांच्यासमोर येऊन फक्त विचारलं, "थांबायचं?" त्यांनी मान हलवली आणि उठून पुंजण्याच्या सावलीत सतरंजीवर आडवे झाले. सून त्यांच्या पायाशी बसली. थोड्या वेळानं बघितलं तर तीही पुंजण्याला टेकून झोपली होती.

दिवस मावळला तेव्हा दोन्ही यंत्रं चालवूनही पहिली बॅटरी नुकतीच संपत आली होती, आणि दुसरी लावायची वेळच आली नव्हती. नोंदवहीचं एकही पान हरवलं नव्हतं. तारा उतरवून इलेक्ट्रिशियननं नीट वेटोळी करून, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून ठेवल्या. मामेभावानं सगळ्यांना वाटाण्याच्या शेंगा दिल्या. मी त्या उभ्याउभ्याच सोलून खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांना गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मी सोबत गेले. तपासणारी मुलगी काचेच्या खोलीबाहेर बसून एकेक सूर वाजवत होती, ऐकू आला की बोट वर करायचं. खालच्या सुरांना बोट झटकन वर. वरच्यांना हात मांडीवर तसाच. तिनं काढलेली रेघ अकरावीच्या पुस्तकातल्यासारखी होती, उजवीकडे घसरत गेलेली. दोन्ही कानांना यंत्रं बसली. पहिले पंधरा दिवस त्यांनी घरभर तक्रारी केल्या. मिक्सरचा आवाज फार येतो, सून भांडी आपटते, शेजारचा माणूस इतका घोरतो हे मला आधी कोणी सांगितलं नाही. सगळ्यांनी त्या तक्रारी कौतुकानं ऐकून घेतल्या.

माझ्या वहीत त्या वर्षी बऱ्याच ओळी वाढल्या. खोका स्पीकरखाली ठेवावा. शिपायांसाठी चहा जास्त टाकावा. वेळापत्रक करण्याआधी ज्याचं नाव लिहायचं त्याच्यासमोर जाऊन बसावं, आणि त्याला कुठला सूर चांगला ऐकू येतो ते विचारावं. ही ओळ मी तीनदा अधोरेखित केली आहे. आता आम्ही कोणालाच मार्गदर्शक म्हणत नाही.

महिनाभरानं सुनेचा फोन आला. मला वाटलं, कानाचं यंत्र बिघडलं असेल.

"तसं नाई ताई," ती म्हणाली. "मामाजी बाहेर निघून जातीन म्हनून मी वर्षभर गेटाले आतून कुलूप लावत होती. आज काढून टाकलं, थे सांगाले फोन केला. थे आत्ता सकायीच फिराले गेले, एकटेच."

"मग किल्ली सांभाळून ठेव," मी म्हटलं.

"थेच त शोधून राह्यली," ती म्हणाली. "कुठं ठेवली, आता मलेच आठवत नाई." आणि ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.